व्हिजिटर पार्किंगमधलं ऊन

पुणे, १० जानेवारी

श्री. बाबारावजी यांस,

रामाजीचा अकराव्या मजल्यावरून नमस्कार. इतक्या उंचावरून मी आजवर कोणाला नमस्कार केलेला नाही, तेव्हा खाली पोचेपर्यंत त्याचं काही कमीजास्त झालं असल्यास सांभाळून घ्यावं. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? भागीरथावहिनींचा खोकला गेला का? वर्ध्याचा पारा नऊवर उतरल्याचं वाचलं आणि तुम्ही आमच्या अंगणात, माझ्या खुर्चीवर पाय पसरून बसलेले डोळ्यांपुढे आले (शेजाऱ्याला किल्ली दिली की खुर्चीही जाते, हे मी धरूनच निघालो होतो). आम्ही दोघं खुशाल आहोत. हे फोनवरही सांगता आलं असतं. पण तुम्हाला कमी ऐकू येतं म्हणून तुम्ही फोन स्पीकरवर लावता आणि पिपरी मेघेची आपली अख्खी गल्ली ऐकते. इकडे फ्लॅटच्या भिंती अशा की मी शिंकलो तर शेजारचे टीव्हीचा आवाज वाढवतात. म्हणून पत्र.

नातीच्या नाताळच्या सुट्ट्यांत तिला आजी-आजोबांचा सहवास मिळावा म्हणून आम्हाला बोलावलं होतं. पोरीला सकाळी स्केटिंग, दुपारी चित्रकला, संध्याकाळी रोबोट बनवायचा वर्ग. सहवास जो काही झाला तो लिफ्टमध्ये झाला. तिची सुट्टी संपून शाळा सुरू झाली, आमची सुट्टी मात्र चालू आहे, आणि तिचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. धनंजयचं म्हणणं, पिपरी मेघेचं घर विकावं आणि आम्ही कायमचं इकडे यावं. पोरगं वाईट बोलत नाही. दोन म्हातारी माणसं आठशे किलोमीटरवर, एखाद्याचं काही झालं तर कोण धावणार, ही त्याची काळजी खरी आहे. (तुम्ही धावाल हे मी सांगितलं. त्यानं तुमच्या गुडघ्याची चौकशी केली.) त्यानं गिऱ्हाईकही पाहून ठेवलं आहे. ते पुढच्या रविवारी, अठरा तारखेला, घर बघायला येणार.

माझं म्हणाल तर मी तटस्थ आहे. एकतीस वर्षं मोजणी खात्यात काढली. रोहण्यापासून गिरडपर्यंत भाऊ भाऊ शेताच्या धुऱ्या-बांधावरून एकमेकांच्या अंगावर जात, आणि मी मधोमध मोजणीची साखळी धरून उभा. कोणाच्या बाजूनं शब्द बोललो नाही. स्वतःच्या घराच्या बाबतीतही तेच धोरण ठेवलं आहे. धनंजयनं विचारलं तेव्हा "पाहू" एवढंच म्हणालो, आणि त्यानं तो होकार धरला.

आता इथल्या हालहवालाचं. घर उत्तम आहे, सगळं आहे, फक्त ऊन नाही. सोसायटीच्या इंग्रजी नावात सूर्य आहे, तो तेवढ्याच एका जागी दिवसभर राहतो. सात इमारती एकमेकींना अशा खेटून उभ्या आहेत की एकीची सावली दुसरीवर, दुसरीची तिसरीवर, आणि आमच्या फ्लॅटवर सगळ्यांची मिळून. पहिले चार दिवस मी स्वेटर, मफलर आणि धनंजयची जुनी जर्किन घालून सोफ्यावर बसलो. मग सूनबाईनं, माधवीनं, रक्त तपासून आणलं. उन्हातून मिळणारं जीवनसत्त्व कमी निघालं. डॉक्टरांनी एक पुडी दिली, दर रविवारी दुधातून घ्यायची. आठवडाभराचं ऊन एका पुडीत. अख्खी इमारत घेते म्हणे. मी दोन रविवार घेतली. दुधाची चव बिघडते, यापलीकडे काही जाणवलं नाही.

पाचव्या दिवशी मी मोजणी काढली. वही घेतली, सकाळी सातपासून सोसायटीच्या आवारात फिरलो. मुलांच्या घसरगुंडीवर ऊन सव्वानऊला येतं आणि नऊ बावीसला जातं. मंदिरापुढे येतच नाही, देवाला ट्यूबलाइट आहे. अखेर एक जागा सापडली. दोन इमारतींच्या फटीतून व्हिजिटर पार्किंगच्या सहाव्या आणि सातव्या खान्यावर दहा चाळीस ते अकरा पस्तीस असं पंचावन्न मिनिटं भरघोस ऊन. नऊ फूट बाय चौदा. खडूनं हद्द आखून घेतली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलाची खुर्ची लिफ्टनं उतरवली आणि बसलो. धीरज म्हणून गेटवरचा शिपाई आहे, तो वही घेऊन आला, म्हणाला इथं गाडीचा नंबर लिहावा लागतो. मी म्हटलं खुर्ची लिही. त्यानं लिहिलं. कामाला चोख माणूस. आठवडाभरात त्या चौदा फुटांत पाच खुर्च्या झाल्या. पुणेकर तीन, एक इंदूरचे, एक मी. ऊन सरकलं की आम्हीही हद्दीबरोबर सरकायचो. मला बरं वाटत होतं, हे कबूल करतो.

इथवर ठीक होतं. पण आमच्या सौ. आनंदाबाईंनी येताना घरून मुगाची डाळ आणली होती. हिवाळा आहे म्हटल्यावर मुगवड्या घातल्याच पाहिजेत, मग माणूस पुण्यात असो की चंद्रावर. त्यांनी मिरची-आलं घालून डाळ वाटली, प्लॅस्टिकच्या कागदावर दोनशे वड्या घातल्या आणि कागद माझ्या हाती दिला. खाली सहाव्या खान्यात पाच खुर्च्यांची दाटी, जागा नव्हती. सातव्या खान्यात एक उंच पांढरी गाडी चार दिवस हललेली नव्हती. तिच्या टपावर सामान बांधायच्या दांड्या होत्या आणि टपावर ऊन कसं, आपल्या अंगणासारखं. मी कागद पसरला आणि चारही टोकं सुतळीनं दांड्यांना बांधली. गाठी मोजणी खात्याच्या, म्हणजे माणसानं सोडल्याशिवाय सुटायच्या नाहीत. मग पाणी प्यायला वर गेलो.

खाली आलो तर गाडी नाही. गाडीचा मालक स्वप्निल म्हणून गृहस्थ, सोसायटीचा सेक्रेटरी (सेक्रेटरीच व्हिजिटर पार्किंगमध्ये गाडी लावतो, यावर मी तटस्थ आहे). कानाला फोन लावून तो मागून आला, बसला आणि गेला. दोनशे वड्या हिंजवडीला ऑफिसला गेल्या. वाटेत सिग्नलवर कोणी तरी फोटो काढला आणि तो फिरत फिरत सोसायटीच्या ग्रुपवर आला. माधवी ऑफिसात होती, तिनं कागद ओळखला, कारण त्यावर वर्ध्याच्या कापड दुकानाचं नाव होतं. संध्याकाळी स्वप्निल वड्या घेऊन दारात. रागावला नाही. ऑफिसचं पार्किंग उघड्यावर असल्यानं वड्या कडकडीत वाळल्या होत्या, फक्त धुळीनं काळ्या. त्यानं उलट विचारलं, काका, उद्या पण न्यायच्या का? मला माणूस आवडला.

पण कमिटीची नोटीस आली. पार्किंगमध्ये बसण्यास, खुर्च्या मांडण्यास व खाद्यपदार्थ वाळवण्यास मनाई. खाली सेक्रेटरीची सही, त्याचाही नाइलाज. ग्रुपवर धनंजयला माफी मागावी लागली. जेवताना तो मान खाली घालून म्हणाला, "बाबा, तुम्हाले इथंच राहाचं आहे ना आता. मंग थोडं इथल्यासारखं राहा." मी बरं म्हटलं. खुर्ची टेबलाशी परत आली. पोराला माझ्यापायी माफी मागावी लागली याचं वाईट वाटलं आणि माझंच घर कुठलं हे त्यानं ठरवून टाकलं याचंही. दोन्ही वाईट वाटणी सारखीच निघाली, म्हणून तटस्थच राहिलो.

परवा आनंदाबाईंनी उरलेल्या डाळीच्या वड्या खोलीत पंख्याखाली घातल्या. त्या आंबल्या. माधवीनं काळजीनं विचारलं, आई, इथं काही कमी आहे का? आनंदाबाई ताट वाढता वाढता धनंजयकडे बघून म्हणाल्या, "मले इथं काईच कमी नाई. पण वड्या वाळत नाईत." मग सगळे जेवले. धनंजयनं दुसऱ्यांदा भात घेतला नाही, पोट बिघडलं असावं.

असो. गिऱ्हाईक आलं की किल्ली द्यावी, चहा पाजावा, घराबद्दल वाईट बोलू नये. घर काय, विटामातीचं. आपला मुक्काम जिथं तिथं आपलं घर. वहिनींना नमस्कार.

आपला,
रामाजी

ता. क. १ – गिऱ्हाइकाला सकाळी नऊची वेळ दिली आहे, तेवढी मोडावी. नऊला आपल्या अंगणात ओट्यापासून सीताफळापर्यंत ऊन असतं, अठ्ठावीस फूट बाय एकोणीस. ते पाहिल्यावर कोणीही माणूस जागच्या जागी घर घेईल. त्या सकाळी तुम्ही गिरडला दर्ग्यावर जा, किल्ली खिशात घेऊन जा आणि पाचशिवाय परतू नका. पाचला अंगणात सावली असते आणि नालीवरचे डास निघतात. चहा अंगणातच पाजावा.

ता. क. २ – वरील मजकुराबद्दल फोनवर बोलू नये.

ता. क. ३ – पाकीट चिकटवण्याआधी आनंदाबाईंनी पत्र वाचलं. ता. क. एक वाचून हसल्या आणि म्हणाल्या, गिऱ्हाइकाला धनंजयनं परवाच, जेवण झाल्याबरोबर, नाही म्हणून कळवलं. आमची वीस तारखेची परतीची तिकिटंही त्यानंच काढली. मला कोणी सांगितलं नाही, कारण मी तटस्थ आहे. तेव्हा तुम्ही गिरडला जायचं कारण नाही, गुडघा सांभाळा. पत्र रद्द करणार होतो, पण खाली त्यांनी स्वतःच्या हातानं दोन ओळी लिहून ठेवल्या, म्हणून पाठवतो.

"भागीरथाबाईले सांगा, वीस तारखेले संध्याकाळी दोन शेर मुगाची दाळ भिजू घाला. आम्ही एकवीसले सकाळी येऊन राह्यलो. ह्यांची खुर्ची रिकामी करून ठेवा."