टँटलमचा आकडा

हैदराबाद,
१८ जानेवारी १९९६

शिवूच्या बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र परवा मिळालं. आईंचा गुडघा पुन्हा धरला हे वाचून बरं वाटलं नाही. त्यांना चुलीपुढे बसू देऊ नका. तुमच्या भाकरीला चंद्रकोरीचा आकार येतो, असं शिवूने लिहिलंय. आला तर आला.

एक गोष्ट लिहायचं चार दिवस टाळत होते. माझे लडाखचे दगड तुम्ही पाहिलेत. ते कधीकाळी समुद्राचा तळ होते, आपल्या विहिरीत लागतो तसल्याच काळ्या खडकाचा. तो तळ दुसऱ्या भूखंडाखाली रेटला गेला, पन्नास-साठ मैल खोल गेला आणि पुन्हा वर आला. खाली जाताना दगडातलं पाणी पिळून निघतं. बेरियम, रुबिडियम त्या पाण्याबरोबर जातात. टँटलमसारखी हट्टी मूलद्रव्यं दगडातच राहतात, असं सगळे मानतात. ही असतात दहा लाखांत एखादा भाग. माझ्या दगडांत मात्र टँटलम भलतंच जास्त निघालं. म्हणजे तेही पाण्याबरोबर दुसरीकडून वाहत आलं, हा नवा शोध, असं सरांना आणि मला वाटलं. दोघांच्या नावाने ते छापूनही आलं.

ते खोटं आहे. आमचं दगड दळायचं भांडं अतिशय कठीण धातूचं आहे. मागच्या आठवड्यात शंका आली, म्हणून शिवूने माझ्या बॅगेत टाकलेली गारगोटी त्यात दळली. गारगोटीत टँटलम नसतंच म्हटलं तरी चालेल. यंत्राने मात्र भरपूर दाखवलं. ते भांड्यातून झिजून येतं. माझे बेचाळीस नमुने त्याच भांड्यात दळलेले आहेत.

सरांना सांगितलं. ते म्हणाले की प्रबंध जूनमध्ये द्यायचाय, परीक्षक कदाचित विचारणारही नाहीत, तेव्हा काय करायचं ते तूच ठरव. सगळं पुन्हा अकीकाच्या, म्हणजे गारगोटीच्याच जातीच्या दगडाच्या खलात, हाताने दळायचं तर वर्ष जाईल. तुम्हाला काय वाटतं, ते स्पष्ट लिहा.

शिवूला पापा. लोभ आहेच, तो या बातमीने उणा होऊ नये.
तुमची,
कौसल्या


हसनाबाद,
२ फेब्रुवारी १९९६

सौ. कौसल्येस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. स्पष्ट लिही म्हणालीस म्हणून लिहितो. आहे तसं देऊन टाक आणि घरी ये. तो आकडा कोणाच्या जिवावर उठणारा नाही. दगड कोट्यवधी वर्षं खाली होते, त्यांना घाई नाही. इथे आहे.

तुझी कॉलेजची रजा जूनमध्ये संपते. शिवू तिसरीत आहे. तिच्या वेण्या शेजारची ताहेरा घालून देते, कारण मला जमत नाहीत. शिवूच्या गारगोटीने हा घोळ केला हे तिला सांगितलेलं नाही, नाहीतर उरलेल्या सगळ्या पाठवून देईल.

शाळेचं बरं चाललंय. माझी काळजी करू नकोस.

तुझी वाट पाहणारा,
मच्छिंद्र


हैदराबाद,
२० फेब्रुवारी १९९६

शिवूच्या बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं म्हणणं पटावं म्हणून मी फार प्रयत्न केला. पण काल एका परदेशी विद्यार्थ्याचं पत्र आलं. आमचा लेख वाचून त्याने आपलं काम त्या टँटलमवर उभं केलंय आणि त्याचा मेळ बसत नाही, त्याचंच काही चुकतंय का असं विचारतोय. त्याला खरं काय ते लगेच कळवलं. चूक मान्य करणारं पत्र त्या नियतकालिकालाही सरांची सही घेऊन पाठवलं. आता मागे फिरता येणार नाही. रजा वाढवून मागितली आहे. जूनमध्ये मी येत नाही.

रागवा, पण पत्र थांबवू नका.
कौसल्या


हसनाबाद,
२५ एप्रिल १९९६

चि. कौसल्याबाईस साळूबाईचा आशीर्वाद. लिहिणार शेजारची ताहेरा, अंगणवाडीवाली.

मच्छिंद्र दोन महिने झाले तुला लिहित न्हाई, हे मला पोस्टमनकडून कळलं. म्या त्याला इचारलं, तर म्हणला शाळेत काम लई हाय. तो कमी बोलून राह्यला, जेवतो बराबर. दगड चुकीचे दळले म्हणून पुन्हा दळायलीस, असं ताहेराने समजावून सांगितलं. मला त्यातलं काही कळत न्हाई. पण पिठात खडा आल्ता हे ठावं असून भाकरी कोणी वाढत न्हाई.

मव्हा गुडघा आता बरा हाय. पोरीचं म्या बघते. तू जल्दी कर, पण उगी घाई करून पुन्हा घोळ करू नको. ताहेरा म्हणते, खल वापरताना नाकाला फडकं बांध.

माया ठेव, आम्हीबी ठेवतोच.
साळूबाई
(अंगठा)


हैदराबाद,
९ मार्च १९९७

शिवूच्या बाबांस,
सा. न. वि. वि.

काम संपलं. बेचाळीसही नमुने पुन्हा झाले. टँटलम जेवढं असायला हवं तेवढंच आहे, कुठेही वाहिलेलं नाही. बेरियम, रुबिडियम गेलेले आहेत. जे आधीपासून माहीत होतं तेच माझ्या दगडांनी सांगितलं. प्रबंध लहान झाला. परवा दिला. आनंद व्हायला हवा होता, पण खोलीवर येऊन नुसती झोपले.

सर गेल्या महिन्यात निवृत्त झाले. जाताना त्यांनी एक पाकीट हातात दिलं. तुम्ही मागच्या वर्षी फेब्रुवारीत त्यांना लिहिलेलं पत्र त्यात होतं. प्रबंध आहे तसा घ्या आणि तिला परत पाठवा, असं मला न विचारता लिहिलंत. मी दोन दिवस संतापले होते. शेवटच्या ओळीत तुम्ही लिहिलंय की मी फार थकलो आहे, रोज वर्गात उभं राहताना टेबल धरावं लागतं.

मला मात्र शेवटच्या पत्रात शाळेचं बरं चाललंय एवढंच कळवलंत. ज्या माणसाला तुम्ही कधी पाहिलं नाही, त्याला हे सांगितलंत. मीही काही विचारलं नाही, हे खरं आहे. मला वाटलं, तुम्ही फक्त रागावला आहात.

शनिवारी निघते.
कौसल्या


हसनाबाद,
१४ मार्च १९९७

सौ. कौसल्येस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र पोचेपर्यंत तू निघालेली असशील, तरी लिहितो. सरांना लिहिलं ते चूक होतं. ते पाकिटात घालतानाच कळत होतं, तरी टाकलं.

तू विचारलं नाहीस असं नाही. रागवा पण लिहा म्हणाली होतीस. लिहायला बसलो की एकच वाक्य सुचायचं, आणि ते वाचून तू काम सोडून येशील याची भीती वाटायची. तू यावंस असंही वाटायचं. म्हणून मग काहीच लिहिलं नाही.

ते वाक्य आता लिहितो. मी फार थकलो आहे, कौसल्या.

मच्छिंद्र