वाशातली कुरतड

नाक्सकोव, १९ जुलै

प्रिय गेर्डाताई,

गुडघा काय म्हणतो? इथे नवे बटाटे निघालेत. आईबाबांच्या घरापुढचं गवत कापलं, चेरी मात्र पाखरांनी फस्त केल्या.

तपासनीस फ्लेमिंगनं ‘वासे साफ’ असं लिहून दिलं, ते तुला पोचलंच. कॉफी पिताना तो म्हणाला, “थोर्किल, तू बनवलेलं हे लाकडातल्या अळ्या ऐकायचं यंत्र झकास, पण बॅटऱ्या फार खातं. मी आता सरळ भिंतीतल्या विजेवरच लावतो.”

“मग ऐकतोस काय, वीज कंपनी?”

दोघंही हसलो. माझं हसू लवकर संपलं.

माझ्या त्या डब्यात दोन बॅटऱ्या असतात, एक अधिकची, एक उण्याची. एक उतरली की आवाज एका अंगानं चेपतो, म्हणून दोन्ही बरोबरच बदलायच्या. त्याचा कंटाळा आला, की माणूस भिंतीकडे वळतो. मग विजेची घूं घूं सुरू, आणि लाकूड खाणाऱ्या अळीचा एवढासा आवाज त्यात बुडतो.

तो गेल्यावर नव्या बॅटऱ्या घालून मी माळ्यावर चढलो. तुझ्या खोलीवरचा वासा. करकर, जरा थांबून पुन्हा करकर.

फोनवर तू म्हणालीस, “तुला लहानपणापासून शांततेतही काहीतरी ऐकू येतं. कागदावर साफ आहे ना? मग गप्प बस.” तुला हवा तो ओरहूसचा फ्लॅट, लिफ्ट, शेजारी नात. हे घर विकल्याशिवाय त्यातलं काही जमत नाही, कळतं मला. मी ‘बरं’ म्हणालो.

काल घर घेणारे मॅल्थे आणि सिग्ने मापं घ्यायला आले. तुझ्या खोलीत सिग्ने शिवणयंत्र ठेवणार. माळ्यावर डबा दिसला तशी म्हणाली, “हे काय, काका?”

‘रेडिओ आहे’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी हेडफोन तिच्या कानांवर ठेवला.

बराच वेळ ऐकून ती म्हणाली, “कुणी खातंय का?”

“हो.”

“पण तो कागद?” मॅल्थे म्हणाला.

“तो भिंतीतल्या विजेवर झालाय.”

सोमवारी कळवतो म्हणालेत. भाव पाडतील, किंवा येणारच नाहीत. वासा मी माझ्या खर्चानं बदलून देईन. तरी नाहीच जमलं, तर माझ्या घरातली खालची खोली रिकामी आहे. तिला जिना नाही. नात आगगाडीनं येईल.

रागाव, पण फोन उचल.

तुझं न ऐकलेला,
थोर्किल