घास आणि घासून

२७ ऑक्टोबर, सिरसाळा
चुलत्याचा दहावा. कावळा शिवेना. सगळं भावबंद ओढ्याकाठी आभाळाकडं बघत उभं. तेवढ्यात साखर कारखान्यावरून नामदेव वेल्डरचा फोन. मिल जोडून झाली, गाळप सुरू करायच्या मोळीपूजनाच्या आधी काय करायचं राहिलंय, विचारत होता. मी रजेवर असलो की याला शिंकायचं तरी फोन करून विचारायचं असतं. रेंज धड नाही. ओरडावं लागलं, "थोडा ऊस टाका, घास घेऊन बघा! घास! घेतीय का बघा!"
मागं वळलो तर सगळे माझ्याकडं बघतायत. चुलतभाऊ म्हणाला, "आप्पा, कावळ्याला सांगायलास का?" दहाव्याला हसू नये. हसलो.
शेवटी दर्भाचा कावळा केला. चुलता जिवंतपणीही ताटावर बसून असाच रुसायचा.

३० ऑक्टोबर
कारखान्यावर परत. मिलवर चढलो आणि वाटलं रोलरवर चंदेरी कापड झाकलंय. हात लावला. कापड नाही, ऑइल पेंट. पहिल्या मिलचे तिन्ही रोलर घासून गुळगुळीत केलेले आणि वर दोन हात चंदेरी.
नामदेवनं सगळा उन्हाळा घालवून रोलरच्या दातादातावर वेल्डिंगचे खडे उठवले होते. आर्किंग. त्या खड्यांनीच रोलर ऊस धरतो आणि आत ओढतो, त्याला आम्ही मिल घास घेते म्हणतो. सगळे खडे ग्राइंडरनं भुईसपाट. एवढी शिसारी आली की तिथंच थुंकलो. मिलवर मी कधी थुंकत नाही.
हे काम नव्या वर्क्स मॅनेजरचं. आमचा रंगारी. (इथं रं. एवढंच लिहीन, नाव लिहून वही बाटवायची नाही.) आल्यापासून दिसेल त्याला रंग. कठडे पिवळे, झाडांचे बुंधे पांढरे. गेल्या महिन्यात ग्रीसच्या निपलांवर रंग मारून त्यांची तोंडंच बुजवली. बेअरिंग तापल्यावर मला विचारतो, ग्रीस का देत नाही.
केबिनमध्ये गेलो. म्हणाला, "अहो फोरमन, देवी आलेल्या माणसासारखे दिसत होते रोलर. पाहुणे येणार, फोटो होणार. आणि तुम्हीच तर फोनवर सांगितलंत, घासून घ्या."
"घास घेऊन बघा म्हणालो."
"फोन स्पीकरवर होता. मी शेजारीच उभा होतो."
खाली आलो. नामदेव टाकीपाशी तोंड धूत होता. माझ्याकडं न बघता म्हणाला, "म्या ऐकलं की आप्पा. तुमी घासच म्हणलेत. म्या साहेबाला म्हणलं बी. ते म्हणले, तू गप."

३१ ऑक्टोबर
पूजन पुढं ढकला म्हणून रं.ला सांगून आलो. मुहूर्त आहे म्हणे. वर मला शिकवतो, कोटिंग केलं की झीज कमी होते, त्यानं वाचलंय. वाचलं असेल. कोटिंग म्हणजे डब्यातला रंग, हे कुठं वाचलं?
परळीच्या वीज केंद्रात राखेच्या लाइनवर होतो तेव्हा झिजेचं दुसरं तोंड पाहिलेलं. राख-पाणी पाइपातून धावायचं आणि वळणावरचा बेंड आतून खात जायचं. बाहेरून पाइप ठणठणीत, एक दिवस बोट लावलं की आत. तिथं कठीण अस्तर, सिरॅमिकच्या लाद्या, गुळगुळीत ठेवायची सगळी धडपड. इथं उलटं. रोलर गुळगुळीत झाला की मेला. कुठं घर्षण मारायचं आणि कुठं जगवायचं, एवढ्यासाठीच आम्हाला पगार आहे. रं.ला दोन्हीकडं एकच डबा आणि एकच ब्रश.
रंग खरवडू का विचारलं. "पूजेनंतर बघू."

३ नोव्हेंबर
मोळीपूजन. फेटे, हार, सनई, ड्रोन. रोलरवर हळदकुंकू, ते चंदेरीवर बसेना, ओघळलं.
मोळी टाकली. रोलर फिरतोय आणि ऊस जागच्या जागी बसलाय, हट्टी पोरासारखा. मागून दोघांनी बांबूनं ढकलला तेव्हा कुठं थोडा आत गेला. टाळ्या. रं.नं पहिला रस पेल्यात घेऊन पाहुण्यांपुढं धरला. रसावर चंदेरी तवंग चमकत होता.
पाहुणे म्हणाले, "वा! वर्ख लावलेला रस!"
प्यायले. मी थांबवायला पुढं झालो, रं.नं कोपर मारलं. सगळे हसत जेवायला गेले. मला दिवसभर मळमळतंय आणि प्यायलेलो मी नाही.

४ नोव्हेंबर
मिल घास घेईना. ऊस खाली सोडायच्या शूटमध्ये तुंबतो, रोलर त्याच्या तोंडावर नुसता घसरतो, कुबट जळका वास. यार्डात बैलगाड्यांची रांग फाट्यापर्यंत. ऊसतोड टोळीतली एक बाई कठड्याशी येऊन भांडून गेली, "आमचा ऊस वाळून चालला, तुमची मिल उपाशी कावून?" काय सांगू तिला. मिलला रंग दिलाय, म्हणून सांगू?
रं.चा उपाय: नजर लागली. लिंबू, मिरची, बिब्बा आणून मिलच्या कठड्याला बांधलं. पिवळ्या कठड्याला. त्या रंगाला डाग पडेल म्हणून आधी सुतळी धुवून घेतली. हे मी डोळ्यांनी पाहिलं.
मग हुकूम, मिल चालू ठेवूनच आर्किंग करा. चालत्या रोलरवर आम्ही हंगामात करतोच, त्यात नवल नाही, पण ते उघड्या लोखंडावर. रंगावर ठिणगी धरत नाही. नामदेव रॉड टेकवतो, नुसता धूर. खोकून खोकून डोळे लाल. मग त्यानं छिन्नी घेतली आणि फिरत्या रोलरवर वाकून रंग खरवडायला लागला. बाहीचं टोक दातांपासून वीतभर.
मी मिल बंद केली. विचारलं नाही कुणाला.
नामदेव वरूनच म्हणाला, "आप्पा, तुमाला बोलणं बसंल."
"बसू दे."

५ नोव्हेंबर
दिवसभर ब्लोलँप, खरवडायची पत्री आणि तारेचा ब्रश. रंग सुटताना चामडीसारखा सोलून येतो, हाताला चिकटतो, नखात बसतो. किळस. आधी तो काढला, मग उघड्या लोखंडावर नामदेव बसला. त्याचं काम बघत बसावं असं असतं. एका दातावरून पुढच्या दातावर, हात ढळत नाही. रं. दोनदा येऊन घड्याळ बघून गेला.
संध्याकाळी मिलनं घास घेतला. ऊस कडाकड आत. यार्डातून शिट्ट्या आल्या. नामदेवनं चष्मा वर करून माझ्याकडं बघितलं आणि हसला. त्या वेळी मला बरं वाटलं, हे लिहून ठेवतो.
रसात गेलेल्या रंगाचं काय, म्हणून केमिस्टला विचारलं. "बसतो गाळात." सगळा? "बहुतेक." घरी येऊन बायकोकडं चहा बिनसाखरेचा मागितला. सुमन म्हणाली, "आता काय डायबिटीस बी झाला का?"

८ नोव्हेंबर
मेमो आला. दोन गोष्टी. परवानगीशिवाय मिल बंद ठेवली. आणि फोनवरून चुकीची सूचना देऊन रोलरचं नुकसान केलं. म्हणजे घासलं त्यानं, रंगवलं त्यानं आणि रोलर बिघडवला मी, सिरसाळ्याच्या ओढ्यावर उभा राहून.
पहिली गोष्ट कबूल. पुन्हा वेळ आली तर पुन्हा बंद करीन. दुसरी नाही. एवढी वर्षं लोखंडात घालवली. रोलर घासून घ्या म्हणणारा फोरमन, असं माझ्या नावावर लागलं तर मी पान्याला हात लावायच्या लायकीचा राहत नाही.
फोन ऐकणारे तिथं दोघंच. रं. आणि नामदेव. नामदेव म्हणाला, "भ्या कशाला? म्या हाव की. जे ऐकलं ते सांगंन."

११ नोव्हेंबर
चौकशी. ऑफिसातले दोघं, रं., मी. नामदेवला बोलावलं. धुतलेला शर्ट घालून आला होता.
"फोनवर फोरमन काय म्हणाले?"
पायाच्या अंगठ्याकडं बघत, "ग्राइंडर चालू व्हता साहेब. नीट ऐकू आलं न्हाई."
"घासून घ्या म्हणाले का?"
"तसंच कायतरी व्हतं."
तसंच कायतरी! रं. टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसला होता. त्याच्या तोंडावर आनंदसुद्धा नव्हता, त्याला सवयीचं असावं हे.
बाहेर आल्यावर नामदेवला गाठलं नाही. गाठलं असतं तर हात उचलला असता.

१२ नोव्हेंबर
कळलं. नामदेवला कायम करतायत. दरसाल हंगामापुरता घेतात, गाळप संपून पट्टा पडला की घरी. मग उन्हाळ्यात रोलरच्या कामापुरता रोजंदारीवर. त्याचे आईबाप, भाऊ, सगळे ऊस तोडायला कोयत्यावर गेलेले. हा एकटा त्यातून सुटला आणि सुटूनही दर हंगामाला दारात उभा. मीच चार वेळा त्याच्या नावाची शिफारस केलेली, चारही वेळा "बघू". आता एका वाक्यात झालं.
रं. असा माणूस विकत घेतो ते समजतं. नामदेव असा जाईल ते समजत नाही. समजतं. समजतं म्हणूनच जास्त घाण वाटते.
सुमनला सांगितलं. ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "मेल्याला माझ्या घरची भाकर गोड लागायची." मग थोड्या वेळानं, "पोरी दोन हाईत त्याच्या." तिचं हे असलं अर्धवट बोलणं मला कधी आवडलं नाही.

१३ नोव्हेंबर
रं.नं बोलावलं. चहा मागवला. एवढा गोड बोलला की अंगावर पाल पडल्यासारखं झालं. "फोरमन, वाढवायचं नाही आपल्याला. एवढंच लिहून द्या की फोनवर बोलताना चुकून तसं म्हणालो. दुःखाचा प्रसंग होता, लक्ष नव्हतं. समज देऊन फाइल बंद. शनिवारी द्या."
चुलत्याच्या दहाव्यालाही याला रंग द्यायचाय.
मी म्हणालो, नाही लिहिलं तर?
"तर मग नामदेवला पुन्हा विचारावं लागेल. नीट. तो खोटं बोलला असं निघालं तर खोटं बोलणारा माणूस कायम कसा करणार?"
म्हणजे मी खरं धरून बसलो तर नामदेव जातो. मी खोटं लिहिलं तर मी राहतो, नामदेव राहतो, रं. राहतो, रंगाचा डबा राहतो. सगळे खूश. दुसऱ्या मिलच्या रोलरवर त्याचा डोळा आहेच. उद्या तेही घासून घेईल आणि म्हणेल, फोरमनचीच पद्धत आहे ही, लेखी आहे.

१४ नोव्हेंबर
दिवसभर नामदेव मिलवर होता. मी बोललो नाही. रोलरचा घास थोडा कमी झालेला, मी सांगायच्या आधीच त्यानं रॉड बदलून घेतला. काम तेच, हात तोच. बघवत नव्हतं आणि नजरही हटत नव्हती.
दिवेलागणीला घरी आला. हातात पेढ्यांचा डबा. उंबऱ्याबाहेरच उभा. सुमननं "ये" म्हटलं, मी नाही.
डबा सुमनच्या हातात दिला. मग माझ्याकडं वळून, "आप्पा, शिव्या द्या. पण गप बसू नका."
मी गप्प.
"म्या काय खुशीनं म्हणलो का? रातभर झोप न्हाई. ते म्हणले, तुझ्या एका शब्दावर हाय. दरसाल पट्टा पडला की मी कुणीच न्हाई, आप्पा. तुमाला त्याची काय कल्पना? तुमी पह्यल्यापास्नं कायम."
म्हणालो, "तुला ऐकू आलं होतं."
"आलं व्हतं."
"मग?"
त्यावर तो जे बोलला ते इथं जसंच्या तसं लिहितो. "तुमी तेवढं लिहून द्या की, चुकून म्हणलो म्हणून. मग माझं बी खोटं ऱ्हात न्हाई."
हे मागायला आला होता. पेढे घेऊन. माझं खरं त्याला खोटं करून हवंय, म्हणजे त्याचं खोटं खरं होईल. आणि हे तो इतक्या सरळ मनानं बोलला की शिवी तोंडातच राहिली. रं.ची किळस येते तेव्हा निदान थुंकता येतं. याच्यावर कसं थुंकू? ४ तारखेला याच्या बाहीसाठीच मिल बंद केली ना मी.
वाकून पाया पडायला लागला. मी पाय मागं घेतले. त्याच्या लक्षात आलं. सरळ झाला, "येतो" म्हणाला आणि गेला.
उद्या शनिवार. कोरा कागद पुढ्यात घेऊन बसलोय. "चुकून" एवढा एक शब्द लिहिला आणि खोडला.
कुणी आनंदाचे पेढे आणले की आमच्याकडं आधी देवापुढं ठेवतात, मग खातात. सुमन मघापासून डबा हातात धरून देव्हाऱ्याजवळ उभी आहे. विचारतीय, "ठेवू का नको?"
अजून उभीच आहे.