वांग्यांचा पहिला तोडा

८ ऑगस्ट १९७६

आलो बाई एकदाचे! सांगलीबाहेरच्या नव्या वसाहतीत माझं स्वतःचं घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं लोखंडी फाटक, मागं ऐसपैस परस. अंजनाची शाळा दोन गल्ल्या टाकून. हे पलटणीत, लडाखला. त्यांनीच ही डायरी पाठवलीय, नव्या घरातलं रोजचं लिही म्हणून. लिहिते. थोरल्या जाऊबाईंच्या राज्यातून सुटले हे पहिलं लिहिते! निघताना त्या म्हणाल्याच, जातीयस खरी, महिन्यात परत येशील. परत येते माझी चप्पल.

जागा मीच निवडली. ही सगळी जमीन भाऊसोंची, त्यांनीच प्लॉट पाडले. ते मला रस्त्याकडचा मुरमाड तुकडा दाखवत होते, घराला मुरूम बरा असतो म्हणाले. मला हसूच आलं. फलटणच्या उसातली पोर मी, मला माती शिकवतात! कोपऱ्यातल्या तुकड्याची मूठभर माती उचलली. काळीभोर, लोण्यासारखी, हाताला तेलकटपणा राहिला. हाच पाहिजे म्हटलं. भाऊसोंनी नजर वळवली, म्हणाले, तुमची मर्जी.

२२ ऑगस्ट

परसात वांग्याची रोपं लावली. चार दिवसांत गुडघ्याला लागली. अशी माती आमच्या बापाच्या रानातसुद्धा नाही. अंजना सारखी तिथंच खेळते. माती तोंडात घालते म्हणून आज दोन धपाटे दिले.

१२ सप्टेंबर

पहिला तोडा निघाला! तीन आठवड्यांत वांगी, तीही नारळाएवढी. पहिला तोडा एकट्यानं खायचा नसतो, आमच्याकडं तशी रीतच आहे. टोपलं काखेला मारून सगळ्या वसाहतीत घरोघर वाटून आले. बाया नुसत्या बघत राहिल्या. मला लय बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

भाऊसोंना जेवायला बोलावलं. भरली वांगी केली होती. त्यांनी भाकरी ठेच्याशी खाल्ली आणि वांगं ताटाच्या कडेला सारून ठेवलं. पोट बरं नाही म्हणाले. मी आणि अंजनानं मात्र दोन-दोनदा घेतली. चव जरा जड होती, मटणाच्या रश्श्यासारखी.

१३ सप्टेंबर

ईऽ! कालच्या उरलेल्या कालवणावर पांढरा थर धरला होता. मी चमचाभर तेल घातलेलं, एवढी चरबी आली कुठनं? बोटानं खरवडला तर बोटाला चिकटून बसला. सगळं गटारात ओतलं. पातेलं राखेनं तीनदा घासलं, तरी वास जाईना. भिजलेल्या घोंगडीचा वास.

१७ सप्टेंबर

वांगं चिरलं आणि विळी टाकून उठले. आत बी नाही. केस. पिवळट, लांब, गराला चिकटलेले. विळीच्या पात्याला गुंडाळून आले. मोरीत जाऊन ओकले. शी, शी, शी! हात अजून साबणानं धुतेय.

आणि अंजना परसात कच्ची वांगी खात होती. देठासकट. ओढून आणली तर मला चावली.

२० सप्टेंबर

अंजना जेवत नाही. नुसतं पाणी पिते. आज हौदावर ओणवी होऊन, तोंड बुडवून पीत होती. तांब्या दिला तर घेतला नाही.

दुपारी पायरीवर बसलेली. तोंडात काही नसताना जबडा हलत होता, आडवा आडवा. मध्येच थांबली, गळ्यातून काहीतरी वर आलं, परत चघळायला लागली. डोळे अर्धे मिटलेले. मी बोट घालून तोंडातलं काढलं. हिरवा लगदा, फेस आणि त्यात केसांचा पुंजका. माझ्या पोरीच्या तोंडातून!

डॉक्टरांनी जंत म्हणून सांगितलं. गावी जावं का? जाऊबाई काय म्हणतील—

२१ सप्टेंबर

भाऊसोंना फाटकात गाठलं, अंजनाची शपथ घातली. तेव्हा बोलले. बहात्तरच्या दुष्काळात इथं जनावरांची छावणी होती. चारा संपला, पाणी संपलं. माणदेशाकडची मेंढरं, गाई, बैल रोज मरायचे. खड्डे खणायला कुणात बळ नव्हतं. कोपऱ्यात आटलेली विहीर होती, तिच्यात ढकलत गेले. वरनं माती लोटली. सगळी मेलेली नव्हती, म्हणाले. काहींच्या माना हलत होत्या.

माझं घर त्याच कोपऱ्यात. म्हणाले, मी तुम्हाला मुरूम दाखवला होता बाई.

थुंकले मी त्यांच्या पायापाशी. पण तुकडा मीच निवडला होता.

२२ सप्टेंबर

रोपं उपटली सगळी. मुळांना लगदे लागून आले. पांढरे, मऊ, केसाळ. आणि गरम. उन्हानं नाही, आतून गरम. हातातला एक हलला—

फेकला. अंजनानं धावत जाऊन तोंडात—

जाऊबाई म्हणू देत काय म्हणायचं ते. उद्या गावी जायचं. पोर वाचली पाहिजे बस.

२३ सप्टेंबर

टांगा फाटकात उभा आहे. ट्रंक चढवली. अंजना चालत नाही. चालते, पण हातापायांवर.

कडेवर घेऊन बाहेर आले. भर दुपार. वसाहतीतल्या सगळ्या बाया आपापल्या फाटकात उभ्या. मी हाक मारली. कुणी ओ देईना. सगळ्यांचे जबडे हलतायत. आडवे आडवे. तोंडात काहीच नाही. त्यांची पोरंही तशीच.

पहिला तोडा. मीच दारोदार—

अंजना त्यांच्याकडं बघून हंबरली. सगळ्यांनी एकदम माना वळवल्या.

टांग्यातच ट्रंकेवर डायरी ठेवून लिहितेय. अहो, हे तुम्ही वाचाल तेव्हा अंजनाला आधी इथून लांब न्या. मला काही झालेलं नाही. मी त्या एका दिवसानंतर खाल्लंच नाही. मला काही नाही. फक्त तहान. आणि सकाळपासून गळ्याशी काहीतरी सारखं वर येतंय, गोड लागतंय, थुंकावंसं वाटत ना—