एका वेळी एकच आई

३ फेब्रुवारी, सोमवार

पोचलो एकदाचे! सामानवाल्यांनी कपाट जिन्यात अडकवलं, मग पाऊण तास एकमेकांना शिव्या घालत सोडवलं आणि वर आल्यावर चहा मागितला. घर तिसऱ्या मजल्यावर आहे. दोनच खोल्या, पण खिडक्या मोठ्या. खारूताईने पहिल्या पाच मिनिटांत पलंगावर उड्या मारून त्याची एक फळी मोडली. सहा वर्षांची पोर, पण पायाला नुसती भिंगरी. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई वर येऊन विचारून गेल्या, की भूकंप झाला का. मला त्या आवडल्या.

ही वही तुझ्यासाठी, नवरोबा. तू जहाजावर, तिथे तुझं नेटवर्क आणि इथे माझा संयम, दोन्ही एकदमच तुटतात. एप्रिलमध्ये उतरलास की सलग वाचून काढ. उद्यापासून कपड्यांच्या कारखान्यातला सगळा कापणी विभाग माझ्या हाताखाली. मी खूश आहे. लिहून ठेवते, म्हणजे पुढे नाकारायला नको.

६ फेब्रुवारी, गुरुवार

एका शहाण्याने कापडाचे चाळीस थर एकावर एक रचून एकाच फटक्यात कापले, खालचे सगळे वाकडे. मी त्याच्यासमोर एकेक तुकडा मोजला. नवी बाई खडूस आहे, असं आता सगळीकडे झालं असणार. होऊ दे.

खारूताईची सर्दी गेली. शाळेत तिच्या बाईंना अजून तिचं नाव पाठ नाही, ती रोज तक्रार करते. खरं तर या गावात आम्हाला ओळखणारं एक माणूस नाही, आणि मला त्यात फार मोकळं वाटतंय.

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी ती पलंगावरून उतरली आणि खाली बसली. मला वाटलं, खेळणी आवरायची नाहीत म्हणून सोंग. मी ओरडले. नाटकं पुरे, म्हणाले. बखोटीला धरून उभं करायला गेले तर दोन्ही पाय नुसते लोंबत राहिले.

टॅक्सीने इस्पितळ गाठलं. एका तरण्या डॉक्टरने छोट्या हातोडीने तिच्या गुडघ्यावर टिचकी मारली, पाय हलला नाही. त्याने परत मारली. मग तो मोठ्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आला. त्यांनी समजावलं, की सर्दीशी लढता लढता शरीर चुकून स्वतःच्याच नसांवर उलटलंय. पायापासून सुरू होऊन वर वर ताकद जात राहते, आणि बऱ्याच मुलांची परत येते. मी विचारलं, बऱ्याच म्हणजे दहात किती? त्या म्हणाल्या, बऱ्याच. मी म्हटलं, माझ्या हाताखालची चौदा माणसं असं उत्तर द्यायला लागली तर मी त्यांना घरी पाठवीन. त्यांनी ऐकून घेतलं. प्रश्न फक्त छातीचा आहे, म्हणाल्या. तिथवर पोचलं तर श्वास.

चौथ्या मजल्यावर, अतिदक्षता विभागात ठेवलंय. मी सात फॉर्म भरले, सातही ठिकाणी तेच प्रश्न.

९ फेब्रुवारी, रविवार

दारावर पाटी: एका वेळी एकच पालक. गळ्यात नारिंगी पास, दाराशी रजिस्टर. त्यात नाव, नातं, वेळ, सही. औषधं मात्र तळमजल्यावर, आणि ती आणायचीही मीच. लिफ्ट रुग्णांसाठी. म्हणजे मी खाली गेले की पोर एकटी, एकटी पडली की रडणार, रडली की धाप लागणार. सिस्टरना सांगितलं, त्यांनी पाटी दाखवली. त्यांच्या वरच्या साहेबांना सांगितलं, त्यांनीही पाटीच दाखवली. आता पाटीलाच जाऊन विचारायचं बाकी होतं.

बाहेरच्या बाकावर कालपासून एक बाई बसून आहे. पन्नाशीची, राखाडी स्वेटर, कोणासाठी बसलीय कळत नाही. ती आपणहून म्हणाली, तुम्ही जा, मी बसते पोरीपाशी. दारावरचे काका आजच या पाळीवर आलेले, मला ओळखत नव्हते. आई सोडून कोणी आत जायचं नाही, म्हणून अडून बसले. माझं डोकंच फिरलं. पास माझ्या गळ्यातून काढला, तिच्या गळ्यात घातला आणि म्हटलं, "हीच आई आहे. मी मावशी. आता सोडा."

रजिस्टरमध्ये नावाच्या जागी माझं नाव लिहिलं, नात्याच्या जागी आई, आणि सही तिला करू दिली. पंधरा मिनिटांत औषध घेऊन परत आले. पोर गाढ झोपली होती. मी त्या बाईचे तीनदा आभार मानले. पास परत करायला तिने जरा वेळ लावला, एवढंच.

११ फेब्रुवारी, मंगळवार

छातीपर्यंत पोचलं. तोंडात नळी घातलीय, श्वास आता मशीन देतं. बोलता येत नाही. सिस्टरनी तिला शिकवलं: एकदा डोळे मिटले की हो, दोनदा मिटले की नाही. मी विचारलं, शनिवारी ओरडले म्हणून रागावलीयस का माझ्यावर? तिने दोनदा मिटले. मी तोंड धुवायला म्हणून बाहेर पळाले आणि पोटभर रडून घेतलं.

परत आले तर काकांनी अडवलं. आई आत आहे, म्हणाले. मी गळ्याशी हात नेला, पास नव्हता. रजिस्टर बघितलं. अकरा वीस, माझं नाव, आई, आणि सही. सही माझी होती. शेवटचा फाटा मी ओढते तसाच ओढलेला. मी आरडाओरडा केला तेव्हा ती स्वेटरवाली निमूट बाहेर आली, पास काढून माझ्या हातात दिला. आणि काका मलाच समजावतात, मावशी, एवढं चिडून कसं चालेल.

१२ फेब्रुवारी, बुधवार

तुझा फोन लागला. तू म्हणालास, काल तू किती शांत बोललीस, जिवात जीव आला. अरे, काल आपण बोललोच नाही! तू हसलास, थकलीयस, म्हणालास. मी तुझ्यावर ओरडले आणि फोन तुटला. काल कोणाशी बोललास तू?

कार्यालयात तक्रार करायला गेले. कारकुनाने फाइल काढली, ओळखपत्राच्या प्रतीवरचा फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला. म्हणाला, आईंना स्वतः यायला सांगा. मी म्हटलं, मीच आई. मूळ ओळखपत्र दाखवा, म्हणाला. पर्स उघडली, त्यात नव्हतं. त्यालाच मग आठवलं. ते तर आईंनी सकाळी त्याच्याकडून तपासून नेलं होतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज अर्धा तास आत सोडलं. मावशी म्हणून. आईंनी परवानगी दिली म्हणून! वर उपकार.

तिने माझा निळा शर्ट घातला होता. केस माझ्यासारखे बांधलेले. पन्नाशीची बाई चाळिशीची दिसते. सिस्टर सांगत होत्या, आई किती समजूतदार आहेत, एका शब्दाने त्रास नाही. आता काय बोलायचं? मी पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या डोक्यावर बसलेय, तर मी खोटी, आणि ती गोड बोलते, तर ती खरी.

बाकावर फार थंडी वाजत होती. तिथे कोणाचं तरी स्वेटर पडलं होतं, ते अंगात घातलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

घरी गेले, पोरीच्या जन्माचे कागद आणायला. घरमालकीणबाई जिन्यात आडव्या आल्या. कोण हवंय, म्हणाल्या. वरच्या मजल्यावरची आई काल येऊन कपडे, कागद सगळं घेऊन गेली, म्हणे. गरीब बिचारी, किती शांत. माझ्या किल्लीने माझं कुलूप उघडेना.

खाली दुकानाच्या काचेत बघितलं. केस कपाळापासून मागे पांढरे. मी छत्तीस वर्षांची आहे. छत्तीस. लिहून ठेवते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

कारखान्यात फोन केला. माझ्या हाताखालचा तोच शहाणा होता. म्हणाला, बाई रजेवर आहेत, पण त्यांचा रोज फोन येतो. तुम्ही कोण?

ठेवून दिला.

१६ फेब्रुवारी, रविवार

पोरीच्या पायाचा अंगठा हलला! दाराच्या काचेतून मी बघितला. ताकद परत येतेय. चार-सहा दिवसांत नळी निघेल, असं सिस्टर म्हणाल्या. म्हणजे बोलेल. बोलली की संपलं सगळं. एका हाकेचं काम आहे.

त्या बाईलाही ते कळलंय. मंगळवारी पोरीला इथून हलवायचा अर्ज दिलाय तिने. नळीसकट, मशीनसकट, गाडीतून. कुठे नेणार, ते सांगत नाहीत. आईंचा निर्णय, म्हणतात. मावशींना विचारायची गरज —

काकांना हात जोडले. मी हात जोडले! त्यांनी पाण्याची बाटली दिली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मोठ्या डॉक्टरीणबाईंना वाहनतळावर गाठलं. मी वेडी नाही, म्हटलं. पहिल्या दिवशी तुम्हाला विचारलं होतं, बऱ्याच म्हणजे दहात किती. त्या थांबल्या. हे तिसऱ्या कोणाला माहीत असायचं कारण नाही, म्हणाल्या.

उद्या सकाळी हलवायच्या आधी दोघींना आत उभं करणार आहेत. पोरीलाच विचारणार.

माझी पोर मला ओळखेल. केस पिकू देत, काही होऊ दे. ओळखेल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बाकावर. दहा वाजून गेलेत.

आत नेलं. ती उशाशी, मी पायाशी. डॉक्टरीणबाई वाकल्या, माझ्याकडे बोट केलं. म्हणाल्या, "बाळा, ही तुझी आई आहे का?"

खारूताईने माझ्याकडे बघितलं. डोळे मिटले. उघडले.

परत मिटले.

दोनदा.

डॉक्टरीणबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. सिस्टर सुटल्यासारख्या कामाला लागल्या. कोणीच — कोणीच बघितलं नाही. मी पायाशी होते, मला दिसलं. ती एका हाताने पोरीचे केस कुरवाळत होती. दुसऱ्या हाताची दोन बोटं नळीवर होती. दाबलेली. पोरीची छाती अर्ध्यात थांबलेली. दुसऱ्यांदा डोळे मिटले, तेव्हा बोटं सुटली. छाती हलली.

मी सांगितलं. ओरडून सांगितलं. दोघांनी धरून बाहेर आणलं. मशीन नीट चाललंय, मावशी. मशीन नीट चाललंय.

खाट बाहेर आली. लिफ्ट वर यायचीय. सहा पावलांवर आहेत. काका माझ्यासमोर उभे, हात आडवा धरून.

ती सिस्टरशी बोलतेय, हसून. हात नळीवरच.

पोर माझ्याकडे बघतेय. कानापर्यंत पाणी ओघळलंय. आता तिला कोणी काही विचारलेलं नाही —

तिने डोळे मिटले. एकदा. उघडले. थांबली.

परत एकदा. थांबली.

एकदाच. हो म्हणतेय. माझ्याकडे बघून हो म्हण —

त्या बाईने बघितलं. ती वळली, पोरीचे डोळे बघितले — बोटं — छाती थांब — काका, बाजूला व्हा, माझी पोर आहे, बाजूला —