पाहुण्यांपुढं बसवलेल्या रिंगा

अण्णा, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्यावर चिडणारंही कुणी उरलेलं नाही, म्हणून अधूनमधून मीच चिडून घेते. आज निमित्त झालं आमच्या सोसायटीतल्या गवत कापायच्या मशीनचं. माळी दोरी ओढून ओढून घामाघूम झाला आणि मशीन आपलं निळा धूर ओकून गप्प. मी गॅलरीतून ओरडले, "अरे, रिंगा गेल्यात त्याच्या!" तो बघतच राहिला. पांढऱ्या केसांच्या बाईनं असं काही बोलायचं नसतं बहुतेक.

मग तो रविवार आठवला. संगमनेरच्या आपल्या दोन खोल्यांत मला बघायला राहुरीकडचे पाहुणे यायचे होते. आधीच्या स्थळांनी मला नाकारलं होतं. का, तर मुलीच्या नखांत काळं असतं आणि पदराला रॉकेलचा वास येतो. येणारच की! मॅट्रिक झाल्यापासून तुमच्या दुकानात इंजिनांचे पार्ट धुवायला मीच बसत होते. या वेळी आईनं निक्षून सांगितलं होतं, "ह्ये स्थळ ग्येलं तर मी माहेरी जाऊन बसंन." रोज सकाळी ती लिंबाची फोड घेऊन माझी बोटं घासायची. मलाही हे स्थळ हवं होतं, खोटं कशाला बोलू? मुलाचा फोटो मी चोरून बघितला होता आणि मला तो आवडला होता.

आणि नेमकं त्याच सकाळी साखर कारखान्याच्या गेस्टहाउसचं गवत कापायचं मशीन टेम्पोतून आपल्या दारात उतरलं. सोमवारी तिथं कुणी बडी मंडळी यायची होती. "अर्ध्या तासाचं काम हाय," तुम्ही म्हणालात. अण्णा, तुमचा अर्धा तास साऱ्या तालुक्याला ठाऊक होता. उजेड बरा म्हणून तुम्ही ते ओसरीवरच उघडलंत. आईची कणकेची परात घेतलीत आणि तिच्यात एकेक पार्ट सुटेल त्या क्रमानं मांडत गेलात, नैवेद्याचं ताट वाढावं तसे. वर धमकी, कुणी परातीला हात लावायचा नाही. आई कपाळावर हात मारून घेतेय, "अवो, पावनं यायची येळ झाली!" आणि कधी नव्हे ती एस.टी. त्या दिवशी वेळेवर आली.

ओसरीच्या एका टोकाला पाहुणे, दुसऱ्या टोकाला परात. मी पोह्यांचं तबक घेऊन येते, मान खाली. मुलाचे मामा मिशीवरून हात फिरवत विचारतात, "सैपाकात काय काय येतं मुलीला?" मी तोंड उघडणार तोच तुम्ही म्हणता, "अगं, त्ये तबक ठिव तिथं अन् ह्या रिंगा चढव बघू. मला पट्टी कापायचीय."

आत आईच्या हातून काहीतरी खणकन पडलं. मी काय करणार? रिंगांचा तो एकच संच पुण्याहून आलेला, बिडाच्या त्या, जरा जास्त फाकवल्या की कटकन मोडायच्या. मी पदर खोचला, खाली बसले आणि पिस्टनवर रिंगा चढवल्या. रिंगा दबून आत जाव्यात म्हणून तुम्ही रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी भोवती आवळलीत, पिस्टन सिलिंडरमध्ये ठोकायला आईचं लाटणं उचललंत. मामा घसा खाकरून म्हणाले, "आमच्याकडं बाया असली कामं करीत न्हाईत." मान वरही न करता तुम्ही म्हणालात, "आमच्याकडं बी न्हाई करीत. हीच करती." झालं, गेलं स्थळ, मी मनात म्हटलं.

तेवढ्यात इतका वेळ मुकाट बसलेला मुलगा म्हणाला, "थांबा, थांबा! रिंगांची तोंडं एका रेषेत आलीत."

रिंगेला एक फट असते, तेच तिचं तोंड. सगळ्या फटी एकाखाली एक आल्या तर दाब तिथून निसटतो आणि इंजिन दम धरत नाही. हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. तुम्ही पट्टी सोडलीत. पोराचं बरोबर होतं. "तुमाला कसं कळलं वो?" तुम्ही विचारलंत. तो लाजला. "आमच्या मोसंबीच्या फवारणी पंपाला मी अशाच बसवल्या हुत्या. दोरी ओढून खांदा गेला, तवा कळलं."

मग तुम्ही माझ्यावर डाफरलात, सगळ्यांदेखत, "लक्ष कुठं हुतं गं तुझं?"

आणि मामा फुटलेच, "अवो, कुठं असनार? आमच्या पोराकडं की!" जो हशा उसळला! दाराआड आईसुद्धा तोंडाला पदर लावून हसत होती. पोराचे कान लालबुंद. मामांनी पुन्हा पोहे मागून घेतले आणि उठण्याआधी तिथंच सुपारी फुटली.

हे पत्र टपालात टाकायची सोय नाही आणि घरात ठेवायचीही नाही, कारण तुमचे जावई घरातला कागद न् कागद वाचतात. फाडूनच टाकीन. घरी कुणीही आलं की अजून ते छाती काढून सांगतात, "हिनं मला बघितलं अन् रिंगा चुकवल्या." मी नुसती हसते. अण्णा, रिंगा चढवताना मी त्यांच्याकडं बघितलंच नव्हतं. तुम्ही पत्रा कापत होतात आणि तुमच्या हातातली कात्री थरथरत होती. असं मी आधी कधीच पाहिलं नव्हतं. स्थळ जमू दे म्हणून आठवडाभर देवाला विनवणारी मी, आणि त्या कात्रीकडं बघून एकदम वाटलं, मोडू दे हे स्थळ.

ह्यांना हे अजून सांगितलेलं नाही. बिचारे खूश आहेत.