विमानावरच्या सासूबाई

लिमरिक, आयर्लंड

ती. आई,

साष्टांग नमस्कार. रागावणार आहात, म्हणून आधीच वाकून घेते.

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही म्हणालात, "विमानावर उघड्या पायांच्या बाया रंगवतेस का गं?" मी हसून विषय बदलला, कारण ती बाई तुम्हीच आहात.

इथल्या हौशी मंडळींनी एक जुनं लष्करी विमान दुरुस्त केलंय. अशा विमानांच्या नाकावर पूर्वीचे सैनिक नखरेल पोरी रंगवायचे. ते काम माझ्याकडे आलं. मला लाडिक पोरगी नको होती. मला तुम्ही साड्यांखालून काढून फक्त मला दाखवलेला फोटो आठवला. कॉलेजची कबड्डी टीम, हाफ पँट, आणि मांडीवर थाप मारणाऱ्या तुम्ही! तशाच तुम्हाला रंगवलं. लग्नानंतर सासरच्यांनी तुमचा खेळ बंद केला, हे तुमच्या लेकाला, राजसलाही माहीत नाही.

काल इंजिन पहिल्यांदा सुरू करायचं होतं. ते सुरू झालं नसतं, तर विमान भंगारात जाणार होतं. सूर्यफुलासारखं गोल, माझ्याहून उंच इंजिन नुसतंच धूर ओकत होतं. शेवटी आमच्या मंडळींतला म्हातारा डेक्लन तुमच्या चित्राकडे बघून ओरडला, "कम ऑन, मिसेस!" आणि त्याने मांडीवर थाप मारली. मग आम्ही सगळ्यांनीच मारली. आई, इंजिन असं गरजलं की हँगरचे पत्रे थरथरले!

हे पत्र पाठवत नाही. जूनमध्ये याल तेव्हा तुम्हाला थेट विमानासमोर उभं करीन. तिथे हवं तेवढं ओरडा. मी इंजिन चालूच ठेवणार आहे.

तुमची सून,
कौमुदी